खोपीतले फोकर

गेल्या रविवारी दुपारी गोव्यातील म्हार्दोळच्या आमच्या घरामागील खोपीत मी विमानाच्या कॉकपिटमधील दांडा हळूच डावीकडे ढकलला, तेव्हा डाव्या पंखाची मागची कड वर उचलली गेली आणि उजव्या पंखाची मागची कड तेवढ्याच संथपणे खाली वळली. या पंखांच्या टोकांना आजच्या विमानांसारख्या हलणाऱ्या झडपा नाहीत. दांड्याच्या ओढीबरोबर अख्ख्या पंखालाच पीळ बसतो. दोन पावसाळे, एक फुकट गेलेला पंख आणि टर्नबकल (तारा ताणायचे स्क्रू) आवळून सोललेली बोटे एवढ्या खर्चानंतर तो पीळ प्रथमच दोन्ही बाजूंना सारखा बसला होता, आणि त्या क्षणी मला जो आनंद झाला तो या नोंदीत लिहून ठेवावासा वाटतो.

हे विमान म्हणजे पहिल्या महायुद्धातील जर्मन फोकर ई-3 या एकपंखी लढाऊ विमानाची एक तृतीयांश मापाची प्रतिकृती. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार सुमारे साडेनऊ मीटर आणि लांबी सुमारे 7.2 मीटर होती. माझे विमान पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 3 मीटर 17 सेंटिमीटर आणि नाकापासून शेपटीपर्यंत 2 मीटर 40 सेंटिमीटर भरते. ते उडणार नाही आणि उडावे असा माझा हेतूही नव्हता. मात्र जमिनीवर उभ्या असलेल्या विमानाचेही जे भाग मुळात हलत होते ते हललेच पाहिजेत, अशी अट मी पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवली होती. त्या अटीचे मूळ बोगमाळो येथील नौदलाच्या विमान संग्रहालयात आहे. 1998 साली ते सुरू झाल्यापासून मी तेथे अनेकदा गेलो आहे. बाहेर उभे असलेले सुपर कॉन्स्टेलेशन, 'विक्रांत'वरून उडालेली सी हॉक आणि अलिझे ही विमाने मी इतक्या वेळा पाहिली आहेत की डोळे मिटूनही त्यांच्या आकृती काढू शकेन. पण संग्रहालयातील विमान स्थिर असते, त्याच्या दांड्याला कोणी हात लावू शकत नाही, आणि ते योग्यच आहे. मला मात्र विमान समजून घ्यायचे होते, आणि माझी समजूत नेहमी हातातून डोक्यात जाते.

फोकरच का, असे मला अनेकांनी विचारले. विमान हे स्वतःच एक नेम धरलेले शस्त्र आहे, ही कल्पना ज्या यंत्रात प्रथम पूर्णपणे उतरली ते यंत्र हे आहे, म्हणून. युद्धाच्या सुरुवातीला विमाने टेहळणीसाठी वापरली जात. वैमानिकाला समोरच्या विमानावर सरळ गोळी झाडायची असेल तर मध्ये त्याच्याच विमानाचा पंखा फिरत असे. फ्रान्सचा वैमानिक रोलाँ गारोस याने 1915 साली आपल्या मोरान-सोल्निए विमानाच्या पंख्याच्या पात्यांवर पोलादी पाचरी बसवल्या. बहुतेक गोळ्या पात्यांच्या मधून निघून जात, आणि ज्या थोड्या पात्यांवर आदळत त्या पाचरीमुळे बाजूला फेकल्या जात. हा उपाय धाडसाचा होता, पण ओबडधोबडही होता, कारण प्रत्येक धक्क्याने पंखा आणि इंजिन दोन्ही हादरत. 18 एप्रिल रोजी गारोसला जर्मन हद्दीत उतरावे लागले आणि त्याचे विमान जर्मनांच्या हाती पडले.

पुढची गोष्ट बहुधा अशी सांगितली जाते की अँथनी फोकर या तरुण डच कारखानदाराला ते यंत्र दाखवण्यात आले आणि त्याने दोन-तीन दिवसांत नवी युक्ती शोधून काढली. ही कथा मला पटत नाही. पंख्याच्या फिरण्याशी बंदुकीचा मेळ घालण्याच्या कल्पनेचे पेटंट फ्रान्झ श्नायडर याने 1913 सालीच घेतले होते, आणि फोकरच्या कारखान्यात हाइन्रिख ल्युबे व त्याचे सहकारी या प्रश्नावर काम करत होते. फोकरचे खरे श्रेय मला असे वाटते की त्याच्याजवळ या युक्तीला योग्य असे हलके, चपळ विमान तयार होते. तेही संपूर्णपणे त्याचे नव्हते. मार्टिन क्रॉइट्झर याने मोरान-सोल्निएच्या एकपंखी विमानावरून त्याची आखणी केली होती. पण मोरानचे धड लाकडी होते, आणि फोकरने ते जोडकाम केलेल्या पोलादी नळ्यांचे केले. 1 जुलै 1915 रोजी कुर्ट विंटगेन्स या जर्मन वैमानिकाने अशाच एका विमानातून एक फ्रेंच विमान पाडले. ते फ्रेंच हद्दीत पडल्यामुळे त्याच्या नावावर अधिकृतपणे जमा झाले नाही, तरी मेळ घातलेल्या बंदुकीचा पहिला विजय म्हणून तोच ओळखला जातो. (फोकरचा जन्म 1890 साली जावा बेटावरील एका मळेवाल्याच्या घरी झाला होता. आमच्यासारख्याच धुवाधार पावसाच्या मुलखात त्याचे बालपणीचे दिवस गेले, हे वाचल्यापासून हा माणूस मला उगाच जवळचा वाटतो.)

प्रतिकृती करणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, नक्कल कशाची करायची. फोकरच्या एकपंखी मालिकेतील चारही प्रकार मिळून चारशेच्या थोडी वर विमाने बांधली गेली. त्यांतील माक्स इमेलमान या नामवंत जर्मन वैमानिकाचे एक विमान युद्धानंतर ड्रेस्डेनमध्ये जपून ठेवलेले होते, ते दुसऱ्या महायुद्धातील बाँबफेकीत नष्ट झाले. आज ई-3 प्रकारातील एकच मूळ विमान उरले आहे, आणि ते लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. त्याचा क्रमांक 210/16 असा असून 8 एप्रिल 1916 रोजी वाट चुकलेल्या वैमानिकाने ते ब्रिटिशांच्या ताब्यातील धावपट्टीवर उतरवले होते. एका माणसाच्या त्या चुकीमुळे आज आपल्याला हे यंत्र पाहता येते. माझ्यासारख्याच्या दृष्टीने आणखी मोलाची गोष्ट म्हणजे ते विमान तेथे कापडाशिवाय ठेवलेले आहे. नळ्या, तारा, फासळ्या सारे उघडे. मी लंडनला गेलेलो नाही, पण त्या उघड्या सांगाड्याच्या छायाचित्रांवर पट्टी आणि कोनमापक ठेवून मी किती रात्री घालवल्या हे घरच्यांना ठाऊक आहे. कापडाखाली झाकलेले विमान पाहून मी हे काम कधीच पुरे करू शकलो नसतो.

धडाचे जोडकाम आमच्या वाड्यावरील एका मुलाने केले. तो दरवर्षी दिवाळीच्या आदल्या रात्रीसाठी नरकासुराचा लोखंडी सांगाडा उभारतो, आणि त्या सांगाड्याचे हात मोटरने वर-खाली करण्यात त्याचा हातखंडा आहे. नरकासुराला वापरतात तशा जाड नळ्यांवर काम करण्याची त्याला सवय होती. मी आणलेली 8 मिलिमीटरची पातळ नळी पहिल्या दिवशी विजेच्या जोडकामाने चार ठिकाणी जळून तिला भोके पडली. मग त्याने गॅसची बत्ती आणली, पितळेच्या काडीने सांधे भरले, आणि चारी बाजूंच्या लांब नळ्या शेपटीकडे निमुळत्या होत एका उभ्या धारेत मिळाल्या. पण सांधे पुरे झाले तरी सांगाडा हाताने दाबताच तिरका होत असे. मी निराश झालो होतो. तेव्हा तो म्हणाला, "काका, हा तिरका होणारच. तारा ताणल्याशिवाय याला कणा नाही." फोकरच्या कारखान्यातही हेच होते. नळ्यांच्या प्रत्येक चौकटीत फुलीसारख्या तारा ताणलेल्या असत, आणि कोपऱ्यांत वाकवलेल्या नळीचे छोटे तुकडे जोडून त्यांतून त्या तारा ओवलेल्या असत. आम्ही तसेच केले. शेवटची तार आवळली गेली तेव्हा ते धड एका टोकाला धरून उचलता आले आणि ते जराही वाकले नाही. पुस्तकात हे मी कितीदा तरी वाचले होते, पण ताण हाच या विमानाचा खरा सांधा आहे हे मला त्या संध्याकाळी कळले.

पंखांनी मात्र माझी परीक्षा पाहिली. आडवे वासे शिवणीच्या लाकडाचे आणि फासळ्या बांबूच्या चिपांच्या केल्या. शिवण हलकी असते, तासायला मऊ असते आणि सहसा फाटत नाही. पहिला पंख मी अतिशय काळजीपूर्वक केला, आणि ती काळजीच नडली. प्रत्येक फासळी दोन्ही वाशांना सरसाने पक्की चिकटवली, वर दोऱ्याने करकचून बांधली, आणि तो पंख इतका ताठ झाला की दांडा ओढला असता पंख हलण्याऐवजी तारच तुटली. पिळायचा पंख एका अर्थी कमकुवत असावा लागतो. त्याचा पुढचा वासा धडाला आणि चाकांच्या चौकटीला जाणाऱ्या तारांनी घट्ट बांधलेला, आणि मागचा वासा मुळाशी फिरता. मागच्या वाशाच्या खालच्या तारा धडाखालील खुंट्यापर्यंत जातात आणि तेथून दांड्याला जोडल्या जातात. वरच्या तारा कॉकपिटपुढील मनोऱ्यावरच्या कप्पीवरून एका पंखाकडून दुसऱ्या पंखाकडे जातात. त्यामुळे एका बाजूची कड खाली ओढली गेली की दुसऱ्या बाजूची आपोआप वर जाते. दुसऱ्या खेपेस मी फासळ्या मागच्या वाशावर चामड्याच्या पट्टीने सैल बांधल्या आणि वासा मुळाशी एका खिळीवर फिरता ठेवला. उडणाऱ्या प्रतिकृती बांधणाऱ्यांपैकी काही जण सुरक्षिततेसाठी पंख पिळण्याऐवजी आधुनिक झडपा बसवतात. त्यांच्या जिवाचा प्रश्न असतो, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. पण माझे विमान जमिनीवरच राहणार असल्याने मला ही तडजोड करण्याचे कारण नव्हते, आणि ती केली असती तर या विमानाचा आत्माच निघून गेला असता असे मला मनापासून वाटते.

कापडाच्या बाबतीत मी चुकलो. मुळात लिननचे कापड ताणून त्यावर डोप नावाचा द्रव फासत, म्हणजे ते आक्रसून ढोलासारखे घट्ट होई. मी पातळ सुती कापड घेतले आणि ते घट्ट व्हावे म्हणून तांदळाच्या पेजेची खळ दिली. मे महिन्यात ते इतके सुरेख ताणले गेले की टिचकी मारताच आवाज येई. जुलैमध्ये त्यावर हिरवट-काळी बुरशी चढली, आणि चतुर्थीच्या आधी मला ते सगळे उसवून टाकावे लागले. त्यानंतर दिवाळी उलटून हवा कोरडी होईपर्यंत थांबलो, आणि लाकडी सामानाला लावतात ते पारदर्शक एन.सी. लॅकर पातळ करून चार हात दिले. रंग दिला नाही. कापडाचा मूळ फिकट पिवळसर रंग आणि त्यावर पांढऱ्या चौकटीतील काळे क्रूस, एवढेच. नाकाजवळच्या पत्र्यावर मात्र फोकरच्या कारखान्याची खूण असलेले गोल गोल घासलेले नक्षीकाम केले, कारण ते कारागिराच्या हाताचे होते आणि मला ते फार आवडते.

आता बंदुकीविषयी. या विमानाचे सारे महत्त्व ज्या यंत्रणेत आहे ती बाहेरून जवळजवळ दिसतच नाही. मूळ यंत्रणेत इंजिनाबरोबर फिरणारी एक कॅमची चकती होती. तिचा उंचवटा ठरावीक क्षणी एका दांडीला ढकलत असे, आणि ती दांडी बंदुकीचा घोडा ओढत असे. वैमानिक फक्त ही साखळी जोडत किंवा तोडत असे, आणि प्रत्यक्ष गोळी केव्हा सुटायची ते पंखाच ठरवी. मिनिटाला 1200 फेऱ्या धरल्या तर दोन पात्यांचा पंखा बंदुकीच्या नळीसमोरून सेकंदाला 40 वेळा जातो, आणि एका मिलिसेकंदात तो 7 अंशांहून थोडा अधिक फिरतो. एवढ्या फटीत गोळी पार झाली पाहिजे.

माझ्या विमानात गोळी नाही, बंदूक शिवणीच्या लाकडाची आहे आणि तिच्या नळीत शिसपेन्सिल आहे. पंख्याच्या मागे पंख्याबरोबरच फिरणारी पुठ्ठ्याची चकती बसवली आणि तिच्यावर पात्यांची आकृती काढली. पंखा हाताने फिरवला की प्लायवूडचा कॅम सायकलच्या आरीची दांडी ढकलतो, दांडी एका हातोडीला, हातोडी पेन्सिलीला, आणि चकतीवर ठिपका उमटतो. पाते पुढून जाताच ठिपका पडावा असा कॅम लावला, म्हणजे दांडीत थोडी ढिलाई असली आणि ठिपका उशिरा पडला तरी पुढे बरीच मोकळी जागा राहते. पहिल्या दिवशी शंभर फेऱ्या दिल्या. सुरुवातीचे ठिपके ठरल्या जागी पडले, जरा पसरट, कारण दांडीच्या छिद्रांत खरोखरच ढिलाई होती. पण नंतरचे ठिपके हळूहळू एका बाजूला सरकत गेले आणि शेवटचे अकरा थेट पात्यावर उमटले. कॅमचा स्क्रू सैल होऊन कॅम आसावर घसरत होता.

ते अकरा ठिपके पाहून मी बराच वेळ गप्प बसलो. 31 मे 1916 रोजी इमेलमानच्या विमानात हीच यंत्रणा बिघडली आणि त्याच्या स्वतःच्या गोळ्यांनी पंख्याचे पाते तोडले. इंजिन उखडण्याआधी त्याने ते बंद केले आणि विमान कसेबसे जमिनीवर आणले. पुढे तीन आठवड्यांच्या आत, 18 जून रोजी, तो आकाशातच मारला गेला. ब्रिटिशांनी ते श्रेय आपल्या एका एफ.ई. 2बी विमानाला दिले, आणि जर्मनांकडे यंत्रणेच्या बिघाडाची चर्चा झाली. माझ्याकडे सैल झाला तो एक स्क्रू, आणि माझे नुकसान झाले ते एका पुठ्ठ्याचे. इमेलमानच्या पुढ्यात मात्र फिरते इंजिन होते आणि खाली शेकडो मीटर हवा होती. मग मी कॅम आसाला आरपार खिळी मारून बसवला.

इंजिन मी दर्शनी केले आहे, ते चालत नाही. मुळातील ओबरऊर्सेल इंजिन 100 अश्वशक्तीचे, नऊ सिलिंडरांचे होते, आणि त्यात मधला आस (क्रँकशाफ्ट) स्थिर राहून सिलिंडरच पंख्याबरोबर गरगरत. त्याला वंगण म्हणून एरंडेल लागे, ते पेट्रोलमध्ये सहज मिसळत नाही म्हणून, आणि वापरलेले तेल बाहेर फेकले जाई. त्यामुळे वैमानिकाच्या कपड्यांना आणि चेहऱ्याला सतत एरंडेलाचा वास व थर असे. माझे सिलिंडर नळाच्या पीव्हीसी पाइपाचे आहेत, आणि पंखा फिरला की ते फिरतात. पंखा सुतारकाम करणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांनी सागवानाच्या फळ्या एकावर एक चिकटवून तासून दिला. त्या काळी बर्लिनमध्ये विमानांचे पंखे बनवणाऱ्या एका कंपनीचे नाव 'गरुड' होते, हे मी त्यांना सांगितले तेव्हा त्यांनी रंधा बाजूला ठेवून ते नाव पुन्हा एकदा म्हणवून घेतले.

आपण एका मारक यंत्राची एवढ्या प्रेमाने नक्कल का करतो, हा प्रश्न मला माझ्या वडील बहिणीने विचारला, आणि त्याचे उत्तर देणे मला टाळायचे नाही. 1915 च्या उत्तरार्धात आणि 1916 च्या सुरुवातीला या विमानाने जी दहशत बसवली तिला ब्रिटिश वृत्तपत्रांनी फोकरचा कहर असे नाव दिले, आणि त्या कहरात मेलेली माणसे खरी होती. फोकरची एकपंखी विमाने तुर्कांच्या मदतीला पॅलेस्टाइन व मेसोपोटेमियातही गेली. त्याच मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात सहाव्या पूना डिव्हिजनमधील मराठा पलटणींचे जवान 1916 च्या एप्रिल अखेरपर्यंत उपाशी अडकले होते आणि त्यांच्यासाठी विमानांतून धान्य टाकले जात होते. 9 मार्च 1916 रोजी जर्मनीने पोर्तुगालविरुद्ध युद्ध पुकारले, तेव्हा पोर्तुगीज सत्तेखालील आमचा गोवाही कागदोपत्री या विमानाच्या मालकांचा शत्रू ठरला. म्हणून मी या विमानावर कोणा वैमानिकाच्या विजयाच्या खुणा रंगवलेल्या नाहीत. पण यंत्र नीट समजून घेण्याला मी प्रेमच म्हणतो, आणि ताईलाही मी तेच सांगितले. तिला ते पूर्णपणे पटलेले नाही.

या महिन्यात जवळच्या एका शाळेतून विमान दाखवायला आणण्याचे बोलावणे आले. मुळात हे विमान पंख उतरवून रस्त्याने किंवा रेल्वेने नेता यावे असेच बांधलेले होते, आणि मी ती सोयही जशीच्या तशी ठेवली असल्यामुळे तारा सोडून पंख धडाच्या बाजूंना बांधणे व टेंपोत चढवणे यांना अर्धा तासही लागला नाही. पुन्हा तारा जुळवायला मात्र दोन तास लागले, कारण एका बाजूची तार दुसरीपेक्षा थोडी अधिक ताणली गेली तरी पंख वाकडे दिसतात. मुलांनी दांडा हलवला, पंख पिळताना पाहिले, आणि मग पंखा फिरवण्यासाठी रांग लावली. सातवीतील एका मुलीने विचारले, "पंखा थांबला तर गोळी सुटेल का?" मी म्हटले, नाही, कारण दांडी ढकलणारा कॅमच थांबतो. तिने मान हलवली, थोडा विचार केला, आणि मला न विचारता पंखा उलट्या दिशेने फिरवला. सुलट्या फिरण्यात जो ठिपका पाते गेल्या गेल्या पडतो, तो उलट्या फिरण्यात पाते येता येता पडतो, आणि दांडीची ढिलाई त्याला आणखी उशीर करते. पेन्सिल बरोबर पात्याच्या आकृतीवर आदळली. दोन वर्षांत मी ते एकदाही करून पाहिले नव्हते. ती चकती मी काढून ठेवली आहे, आणि त्या ठिपक्याशेजारी तारीख लिहिली आहे.